मी पेडगावचाच आहे

कुणी गाव विचारलं की मी क्षणभर थांबतो. पुढे काय होणार ते ठाऊक असतं. "पेडगाव" म्हटलं की समोरचा हसतो आणि म्हणतो, "मग वेड पांघरून आलात की काय?" पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, पण हा विनोद पहिल्यांदा आपल्यालाच सुचला असं प्रत्येकाला वाटतं. मीही हसतो.

खरं तर ती म्हण आमची नाहीच. तिचं नातं लावतात ते श्रीगोंदा तालुक्यातल्या, भीमेकाठच्या पेडगावशी. तिथे बहादूरगड आहे, मोगलांचा इतिहास आहे. आमचं पेडगाव परभणीचं. परभणीहून मनमाडकडे निघालेली पॅसेंजर जिथे थांबते आणि चार-दोन माणसं उतरवून निघून जाते, ते. सोयाबीन, कापूस, तूर आणि पावसाची वाट. गड नाही, म्हण नाही. म्हणजे नावात जो मान आहे तो दुसऱ्या पेडगावचा, आणि टोमणे मात्र आम्हाला.

पण तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, फोनवर, मी ती म्हण अक्षरशः खरी करून दाखवली. तेव्हापासून तो विनोद ऐकला की मला पूर्वीसारखं हसता येत नाही. त्या दुपारबद्दल लिहायचं आहे. त्याआधी मी काय काम करतो ते सांगायला हवं.

मी जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करतो. स्पीडोमीटर, आरपीएमचा काटा, ऑइल प्रेशर, तापमान, पेट्रोल. माझ्या टेबलावर बुलेट येते, जावा येते, फियाट येते आणि कधीकधी दोन सीटांच्या, उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा अख्खा डॅशबोर्ड येतो. विंटेज गाड्यांच्या दुनियेत लोक इंजिनाबद्दल बोलतात, रंगाबद्दल बोलतात. पण गाडी खरी आहे का हे बघणारा जाणता माणूस आधी वाकून डॅशबोर्डकडे बघतो. इंजिन बदललं तर नंबर जुळत नाही म्हणून पकडलं जातं. मीटर मात्र चार स्क्रू काढले की हातात येतो, आणि म्हणूनच तो सगळ्यात जास्त बदलला गेलेला असतो.

मूळ मीटर ओळखायचा कसा? उदाहरण घेऊ. साठच्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीचे मीटर असत. काहींवर जेगर हे नाव असे, पण ती ब्रिटिश शाखाही बऱ्याच आधी स्मिथ्सच्याच ताब्यात गेलेली. स्पीडोमीटरच्या डायलवर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, 'एसएन'ने सुरू होणारा कोड असतो आणि शेजारी एक सुटा आकडा. समजा तिथे १२८० छापलंय. याचा अर्थ गिअरबॉक्समधून येणारी केबल १२८० वेळा फिरली की मीटर एक मैल मोजणार. कंपनीनं गिअरबॉक्स बदलला, मागचा अ‍ॅक्सल बदलला, टायरचा आकार बदलला की हा आकडा बदलायचा. एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली. बाहेरून बघणाऱ्याला ती एकच गाडी वाटते. आतून मात्र मीटर पुन्हापुन्हा बदलत गेले. सुरुवातीच्या गाड्यांत ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान एकाच गोल डब्यात, अर्धं-अर्धं. पुढे रचना वेगळी झाली. त्यामुळे १९६३च्या गाडीत १९७०चा मीटर बसतो, चालतो, दिसतोही छान. पण तो तिथला नसतो, आणि आकडा जुळत नसेल तर तो वेगही खोटा सांगतो.

जर्मन गाड्यांचं गणित वेगळं. तिथे व्हीडीओ कंपनीचे मीटर. त्यांवरही केबलच्या फेऱ्यांचं प्रमाण छापलेलं असतं आणि पुष्कळदा मागच्या बाजूला महिना-वर्षाचा ठसा असतो. गाडी मार्चची आणि मीटर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरचा निघाला की मालकाचा चेहरा उतरतो. आमच्याकडे म्हणतात ना, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. माझ्या टेबलावर दोन्ही एकत्र येतात.

आकड्यांच्या पलीकडे काट्याची चाल असते. जुन्या क्रोनोमेट्रिक मीटरमध्ये घड्याळासारखी यंत्रणा असते. ती ठरावीक वेळात केबलच्या फेऱ्या मोजते आणि मग काटा पुढे सरकवते, म्हणून काटा टप्प्याटप्प्यानं, झटके देत चालतो. नंतरच्या मीटरमध्ये केबलला लावलेलं चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत फिरतं, वाटीला ओढ बसते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. तिथे काटा तरंगत चालतो. डबा जुना आणि आतली यंत्रणा नवी असेल तर गाडी दहा मीटर चालवली तरी कळतं. छपाई भिंगाखाली बघावी लागते. जुन्या डायलवरची शाई किंचित उठलेली असते, बोटाला जाणवते. हल्लीच्या प्रिंटरवर काढलेल्या डायलमध्ये पांढऱ्या आकड्याच्या कडेला बारीक ठिपके दिसतात. काळा रंगही जास्तच काळा असतो. साठ वर्षं उन्हात बसलेला काळा रंग कधीच पूर्ण काळा राहत नाही.

हे सगळं मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. परभणीत एका चाचांच्या दुकानात शिकलो. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी. जीप, ट्रॅक्टर, बुलेट, लुना, काय येईल ते. दहावीनंतर पेडगावहून रोज पॅसेंजरनं जायचो. चाचा डायल उघडले की आधी मागच्या बाजूला बघायचे. तिथे कुणीतरी पेन्सिलीनं तारीख टाकलेली असली की खूश व्हायचे. "देख, मेरे पहले किसीने खोला था," म्हणायचे. आणि काम झाल्यावर त्याखाली स्वतःची तारीख टाकायचे. बंद डब्याच्या आतली ती तारीख मालकाला कधी दिसणार नव्हती. ती पुढच्या कारागिरासाठी होती.

चाचांचा एकच नियम होता: मीटर मागे घ्यायचा नाही. परभणीसारख्या ठिकाणी हा नियम महाग पडतो. जुना ट्रॅक्टर विकायला काढला की पहिला प्रश्न असतो, "किती तास चाललाय?" तासांचा मीटर हजार तासांनी कमी दाखवला तर किंमत काही हजारांनी वाढते. लोक यायचे, दुप्पट पैसे द्यायला तयार असायचे. चाचा नाही म्हणायचे. लोक दुसरीकडे जाऊन करून घ्यायचे. एकदा मी चिडून विचारलं, "चाचा, तुम्ही नाही केलं तर दुसरा कुणी करतोच की. मग आपलं नुकसान कामून?" ते म्हणाले, "काटा झूठ बोला तो चलता. गाडी रुकी तो काटा झिरो पे आता. नंबर झिरो पे नहीं आता बेटा. वो याद रखता. याद को हाथ नको लगाव."

मला ते तेव्हा नुसतं म्हातारपणाचं बोलणं वाटलं. ते कळलं आमच्या घरी ट्रॅक्टर आला तेव्हा. आबांनी बाजारातून जुना ट्रॅक्टर घेतला. मीटरवर एकवीसशे तास. मी गावाला गेलो आणि सवयीनं इतर गोष्टी बघितल्या. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत. ट्रॉली जोडायच्या पट्टीचं गोल भोक झिजून लांबट झालेलं. एकवीसशे तासांत लोखंड इतकं झिजत नाही. मी काही बोललो नाही, कारण पैसे देऊन झाले होते. पुढच्या पेरणीत इंजिन बसलं. आबा ट्रॅक्टरजवळ उकिडवे बसले होते. एवढंच म्हणाले, "आकडा बघूनच घेतला होता रे."

आबा अडाणी नाहीत. त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं, बघायचं ते बघितलं होतं. त्यांची चूक एकच, की त्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला. पण आकडा असतोच त्यासाठी.

आता ती दुपार.

पुण्यात माझं छोटं दुकान झालं होतं. एक नेहमीचे गिऱ्हाईक होते; जुन्या गाड्या घ्यायचे, सजवायचे, विकायचे. त्यांनी साठच्या दशकातल्या एका ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड आणला. गाडीचं नाव सांगत नाही, कारण यात गाडीचा दोष नाही आणि कुणाची ओळख पटावी असंही मला वाटत नाही. स्पीडोमीटर उघडला आणि मी बघतच राहिलो. डायल मैलांचा होता. पण प्रत्येक मैलाच्या आकड्याच्या आत कुणीतरी बारीक ब्रशनं, लाल रंगानं, किलोमीटरचे आकडे काढले होते. देवनागरीत. १६, ३२, ४८, ६४, ८०, ९६. अचूक हिशोबानं बघितलं तर साठ मैलांना सत्त्याण्णवच्या जवळ जातं. या माणसानं सरळ एकपूर्णांक सहा दशांशनं गुणलं होतं. ४८ मधला आठ जरा कलंडलेला होता.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा झाला १९५६ मध्ये आणि पुढच्या काही वर्षांत ती मापं टप्प्याटप्प्यानं लागू झाली. रस्त्याकडेचे दगड बदलले. मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. भाषेत मात्र आपण अजून 'मैलाचा दगड'च म्हणतो. परदेशातून आलेल्या या गाडीला नवे दगड वाचता येत नव्हते. म्हणून कुठल्यातरी गॅरेजमधल्या माणसानं तिला ते वाचायला शिकवलं होतं.

गिऱ्हाईक म्हणाले, "ही घाण काढून टाक. मूळ डायल पाहिजे, एकदम ओरिजिनल." रंग खरवडला असता तर खालची छपाई गेली असती. मग त्यांनी इंग्लंडहून नव्यानं छापलेला डायल मागवला. कोणता मागवायचा ते मीच सांगितलं. या वर्षाच्या गाडीला कोणता कोड, तळाशी कोणता आकडा, आकड्यांचं वळण कसं, सगळं. डायल आला, तो अगदी बरोबर होता. फक्त जास्तच काळा होता. मी तो आठ दिवस दुकानाच्या गच्चीवर उन्हात ठेवला. रोज बाजूच्या जुन्या मीटरांशी रंग जुळवून बघत होतो. नवव्या दिवशी जुळला.

त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली, अंतराचे आकडे कमी करून द्यायची. मी नाही म्हणालो. चाचांची आठवण काढून, छाती थोडी पुढे काढूनच नाही म्हणालो. त्यांनी फार ताणलं नाही. त्या नकारामुळे मला इतकं बरं वाटलं, की गच्चीवरच्या आठ दिवसांचा मी विचारच केला नाही. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलं की दुसऱ्या ठिकाणची सूट आपण स्वतःलाच देऊन टाकतो.

महिन्याभरानं फोन आला. गाडी घेणारे गृहस्थ होते, नोकरीतून निवृत्त झालेले. विकणाऱ्यानं माझा नंबर 'मीटरचं काम यांनीच बघितलंय' म्हणून दिला होता. ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "तुम्ही जाणकार आहात असं ऐकलं. एवढंच विचारायचं होतं, स्पीडोमीटर मूळचाच आहे ना?"

मी म्हणालो, "सर, मी खेडेगावचा माणूस. आला तसा साफ करून दिला. त्यातलं जास्त मला काही कळत नाही."

ज्याला कोडवरून गाडीचं वर्ष सांगता येतं, तो म्हणाला मला कळत नाही. वेड पांघरलं आणि पेडगावला गेलो. नाही, पेडगावहूनच आलो होतो. गावाचं नाव पांघरून घेतलं. खेड्यातला माणूस म्हटलं की शहरातला पुढे विचारत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

यात खोटं काय होतं, हे मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःशी भांडून बघितलं. आणि भांडणात माझी बाजू तितकी कच्ची नव्हती.

पहिला मुद्दा असा, की 'मूळ' म्हणजे तरी काय? 'मिलिंदपञ्ह' नावाचा पाली ग्रंथ आहे. ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारतो. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला ज्याचं नाव दिलं, तो हाच मिलिंद. नागसेन राजालाच विचारतात: तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? दांडी? यातलं एकही नाही. मग या सगळ्यांपासून वेगळा असा रथ कुठे आहे? तोही नाही. सगळे भाग एकत्र आले की आपण व्यवहारासाठी 'रथ' म्हणतो, एवढंच. हे मान्य केलं तर गाडीत 'मूळपण' नावाचा पदार्थ कुठे भरून ठेवलेला नसतो. मग मी डायल बदलला तर काय बिघडलं?

हाच प्रश्न १९९० मध्ये लंडनच्या न्यायालयात प्रत्यक्ष गाडीबद्दल आला. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' ही शर्यतीची गाडी. तिनं १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं 'ल मां'ची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. पुढे तिची चासी, बॉडी, इंजिन, बहुतेक सगळं बदलत गेलं. एक कोटी पाऊंडांना सौदा ठरला आणि घेणारे म्हणाले, ही ती गाडी नाहीच. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की ही तीच गाडी आहे. मूळचे भाग फार उरलेले नाहीत, पण तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही. ती एका क्षणी संपली आणि दुसरी सुरू झाली असं कधी झालं नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो माझ्याच बाजूचा वाटला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा घाम फुटला. गाडीचं खरेपण अखंड इतिहासात असेल, तर त्या गाडीत सगळ्यात अस्सल गोष्ट कोणती होती? ते लाल आकडे. इंग्लंडच्या कारखान्यातून निघालेली गाडी या देशात आली, राहिली, इथले रस्ते शिकली, याचा तो एकमेव पुरावा होता. आणि मी तो काढून त्याजागी एक असा डायल बसवला, जो त्या मॉडेलचा होता पण त्या गाडीचा कधीच नव्हता. 'ओरिजिनल' करण्याच्या नादात मी गाडीतला खरा भाग काढला आणि खोटा घातला.

नागसेनही माझी सुटका करत नाहीत. रथ हे व्यवहारासाठी ठेवलेलं नाव आहे, ठीक. पण व्यवहार चालतो तो दोघांनी एका नावाचा एकच अर्थ धरला तर. 'मूळचा' या शब्दाचा त्या गृहस्थांच्या मनातला अर्थ मला माहीत होता. तो खोटा ठरेल असं काम मी केलं होतं आणि विचारल्यावर गप्प बसलो होतो.

दुसरा मुद्दा: जुनं ते सगळं जपलंच पाहिजे असं थोडंच आहे? हे खरंच आहे. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या काही मीटरांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांवर रेडियमचा रंग असे. असा रंग ब्रशनं लावणाऱ्या अमेरिकेतल्या तरुण मुली ब्रशचं टोक ओठांनी अणकुचीदार करायच्या. १९२०च्या दशकात त्यांचे जबडे झडले, अनेक जणी मेल्या. आज तो रंग चमकत नाही, पण चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असं नाही. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. असा डायल आला तर मी तो खरवडत नाही, त्याची धूळ छातीत जाऊ देत नाही. आणि मालकाला मूळपण बाजूला ठेवून तो बदलायला सांगतो. म्हणजे बदलणं हे पाप नाही. कधीकधी तेच शहाणपण असतं.

मग पाप कुठे आहे? याचं उत्तर मला आपल्याच भाषेत सापडलं. 'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन्ही शब्द अरबी-फारसीतून आले आणि दफ्तरात रुळले. गंमत अशी, की दफ्तरात 'नक्कल' ही शिवी नाही. तहसीलमधून सातबाऱ्याची नक्कल काढली की त्यावर पीककर्ज मिळतं. कोर्टात नक्कल चालते. का चालते? कारण तिच्यावर लिहिलेलं असतं की ही नक्कल आहे, आणि खाली कुणाचीतरी सही असते. जी नक्कल स्वतःला नक्कल म्हणते ती खरी असते. नक्कल बिघडते ती शिक्का पुसला की.

जुन्या इमारतींची डागडुजी करणाऱ्यांनी हेच १९६४च्या व्हेनिस सनदेत लिहून ठेवलंय. गेलेल्या भागाच्या जागी नवा भाग घाला, तो एकूण रचनेत मिसळू द्या, पण जवळून बघणाऱ्याला तो नवा आहे हे ओळखू आलं पाहिजे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ट्यूरिन सनदेचा सूरही तोच आहे. आपल्याकडच्या कायद्याला इतक्या खोलात जायचं कारण नव्हतं. २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत 'विंटेज' गाडीची व्याख्या आली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेली. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. त्या व्याख्येत डॅशबोर्डचं नाव नाही. म्हणजे मी जे केलं त्याबद्दल नंबरप्लेट कुणी काढून घेणार नव्हतं. कायदा जिथे थांबतो तिथून पुढचा रस्ता आपला आपण चालायचा असतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात चिवट होता. मी खोटं बोललो का? 'जास्त कळत नाही' म्हणालो, इतकंच. शिवाय सांगायचं काम विकणाऱ्याचं. सिसेरोनं दोन हजार वर्षांपूर्वी हा वाद लिहून ठेवलाय. दुष्काळात एक व्यापारी धान्याचं जहाज घेऊन ऱ्होड्स बेटावर पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला माहीत आहे. ते सांगावं की न सांगता चढ्या भावानं विकावं? एक तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. सिसेरो म्हणतो, जे समजलं तर दुसऱ्याचं भलं होईल ते स्वतःच्या फायद्यासाठी त्याच्यापासून दूर ठेवलं, तर ते लपवणंच. मी तर त्या व्यापाऱ्याच्याही पुढे गेलो होतो. मला विचारलं गेलं होतं.

आणि ते आठ दिवसांचं ऊन. डायल उन्हात ठेवायला दुसरं कोणतंच कारण नव्हतं. खरं ओळखायची जी विद्या चाचांनी मला दिली, तीच मी उलटी फिरवली होती. ओळखायची विद्या आणि फसवायची विद्या या दोन वेगळ्या विद्या नाहीत. एकच आहे, हात कुणाच्या बाजूनं चालतोय एवढाच फरक.

चार महिन्यांनी मी त्या गृहस्थांना फोन केला. सगळं सांगितलं. नवा डायल, ऊन, लाल आकडे. जुना डायल मी टाकून दिला नव्हता, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता, तेही सांगितलं. मला वाटलं होतं ते पैशांबद्दल बोलतील.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डायल बदलला याचं मला फार वाईट वाटत नाही. पण या चार महिन्यांत मी गाडी किती जणांना दाखवली असेल. प्रत्येकाला सांगितलं, मीटर मूळचा आहे. नातवालासुद्धा. मी आयुष्यात खोटं बोललो नाही असं म्हणत नाही, पण हे खोटं मी बोलतोय हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला वाटत होतं फसवणूक दोघांतली असते: एक फसवतो, एक फसतो, हिशोब तिथे संपतो. तसं होत नाही. फसलेला माणूस प्रामाणिकपणे तेच पुढे सांगत राहतो. आबांनीही तो ट्रॅक्टर शेजाऱ्यांना दाखवताना अभिमानानं सांगितलं होतं, "एकवीसशेच तास झालेत." कुणाच्यातरी टपरीतलं खोटं आबांच्या तोंडून, आबांच्या शब्दाच्या वजनानं, गावभर गेलं. श्रीमंताच्या स्पोर्ट्स कारचा डायल आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे तास यांत नुकसानीचं अंतर फार मोठं आहे, ते मी नाकारत नाही. आबांची पेरणी गेली. त्या गृहस्थांचं काहीच अडलं नाही. पण दोघांचा शब्द मात्र सारखाच वापरला गेला.

त्यांनी जुना डायल मागवून घेतला. मी कुरिअर केला, बसवून द्यायची तयारी दाखवली. त्यांनी अजून बसवून घेतलेला नाही. मध्यंतरी फोन आला होता तेव्हा म्हणाले, दोन्ही डायल समोर ठेवले आहेत, कोणता लावायचा ते ठरत नाही. आणि विचारलं, "हा ४८ कुणी काढला असेल हो?" मी म्हणालो, माहीत नाही. या वेळी खरंच माहीत नव्हतं.

ते जुने गिऱ्हाईक आता माझ्याकडे येत नाहीत. वर्षाला तीन-चार गाड्यांचं काम गेलं. ते मोठेपणानं सोसतोय असंही नाही. भाड्याच्या तारखेला आठवण येते. बिचाऱ्या कारागिरानंच खरेपणाचा खर्च का उचलावा, हा प्रश्न मला अजून पडतो. बाजार पैसे देतो दिसण्याला, आणि खरं सांगणाऱ्याला वेगळी मजुरी नसते. याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक सवय मात्र लागली आहे. डायल नवा बसवला, तर त्याच्या पाठीवर टोकदार सुईनं 'नक्कल' असं कोरतो. खाली तारीख, काय बदललं ते, आणि 'पेडगाव'. मालकाला बिलावर लिहून देतो. काही जण म्हणतात बिलावर नको. मग मी काम घेत नाही, किंवा खरं सांगायचं तर बहुतेक वेळा घेत नाही.

गेल्या दिवाळीत गावी जाताना परभणीला उतरून चाचांकडे गेलो. त्यांचे हात आता थरथरतात, दुकान मुलगा बघतो आणि मोबाईलचे कव्हर विकतो. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "तारीख डाली थी अंदर?" म्हटलं, त्या डायलवर नव्हती टाकली.

"वही तो," म्हणाले, आणि मुलाला चहा सांगितला.